धुराजवळ बसताना

या मननासाठी अत्तराची महागडी बाटली लागत नाही. घरात सापडतील अशा पाच वस्तू पुरेत: काडेपेटी, एक लवंग, व्हॅनिला इसेन्सची छोटी बाटली, एखादी जुनी लोखंडी किल्ली आणि दिवाळीतलं उरलेलं उटणं. त्या समोर मांडून बसा. पंखा बंद करा, खिडकी किलकिली ठेवा. उदबत्ती आज नको. वाचताना जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा. डोळे मिटा, दोन-चार श्वास जाऊ द्या आणि मगच पुढच्या ओळीवर या.

आधी काहीच हुंगायचं नाही. नुसता श्वास बघा. हवा नाकपुडीच्या कडेला गार लागते, आत जाते, कोमट होऊन परत येते. एक नाकपुडी बहुधा मोकळी असेल आणि दुसरी किंचित जड. कोणती, तेवढं पाहून ठेवा. आता स्वतःला विचारा, या खोलीला वास आहे का? बहुतेक काही जाणवणार नाही. ज्या हवेत आपण बराच वेळ बसतो तिची दखल नाक काही मिनिटांतच सोडून देतं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला तुमच्या घराचा वास उंबऱ्यावरच कळतो. तुम्हाला तो कळावा म्हणून चार दिवस गावाला जाऊन यावं लागतं.

नाकाची आणखी एक सवय आहे. ते निकाल फार लवकर देतं. वासाची वर्दी मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत अगदी जवळच्या वाटेने पोचते. त्यामुळे पुष्कळदा कशाचा वास आहे हे नीट कळायच्या आधीच तो आवडला की नाही, हे ठरून गेल्यासारखं वाटतं. आज आपल्याला एवढंच करायचं आहे: वास आणि त्याचा निकाल यांच्यामध्ये थोडी जागा करायची. त्यासाठी आपण असे वास निवडू या, ज्यांच्याबद्दल आपलं मत पूर्वीपासून पक्कं आहे. धूर, डांबर, रबर, पेट्रोल, तापलेला धातू.

हे वास गेल्या काही दशकांत अत्तराच्या बाटलीत उघडपणे आले आहेत. १९८८ साली दिओरने फॅरनहाइट नावाचं पुरुषांचं अत्तर आणलं. जाँ-लुई सिउझाक आणि मिशेल अल्मेराक यांनी रचलेल्या या अत्तरात व्हायोलेटच्या पानांचा हिरवा गंध कातड्याच्या गंधाशी असा भिडतो, की हुंगणाऱ्याला पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखं वाटतं. १९९८ साली आनिक मेनार्दो यांनी बुल्गारीसाठी ब्लॅक रचलं. त्यात पाइनच्या धुरावर सुकवलेल्या चिनी चहाचा वास आहे, रबराचा आहे, तळाशी व्हॅनिला आहे; बाटलीच्या काचेभोवती टायरसारखं काळं रबर आहे. त्याच वर्षी टोकियोच्या रेई कावाकुबो यांच्या कॉम दे गार्सों या फॅशनगृहाने ओदर ५३ आणलं आणि त्यात फुलांऐवजी धातूची चमक, जळकं रबर, वाऱ्यावर वाळणारे कपडे, नेलपॉलिश यांचे वास असल्याचं उघड जाहीर केलं. २००० साली ओदर ७१ आलं. त्याच्या वर्णनात तापलेल्या दिव्यावरची धूळ होती, फोटोकॉपी यंत्राचा टोनर होता, पेन्सिलीच्या ढलप्या होत्या. २००४ साली याच गृहाने पाच अत्तरांची एक मालिकाच काढली: गराज, टार, स्काय, सोडा आणि ड्राय क्लीन. म्हणजे मोटारीचं गॅरेज, डांबर, कृत्रिम कातडं, सोडा आणि कपडे धुण्याचं रसायन.

या बाटल्यांत खरी धूळ किंवा खरं पेट्रोल नसतं. अत्तर रचणारा निरनिराळी गंधद्रव्यं अशा प्रमाणात एकत्र आणतो, की नाकाला त्या जागेची आठवण व्हावी. गायक स्वर लावतो आणि ऐकणाऱ्यासमोर पावसाळा उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

मग प्रश्न येतोच, माणसाने अंगाला गॅरेज का लावावं? उत्तराची घाई करू नका. प्रश्न मांडीवर घेऊन बसू या.

इथे थांबा.

आता काडेपेटी उचला. दमा किंवा छातीचा त्रास असेल तर काडी पेटवू नका. आठवणीतल्या चुलीचा किंवा बंबाचा वास पुरेल. बाकीच्यांनी एक काडी ओढा, क्षणभर जळू द्या, विझवा आणि हातभर लांब धरा. पहिला झटका गंधकाचा असतो. तो जाऊ द्या. धूर संपला की जळकं टोक हळूच नाकाजवळ आणा आणि एकच छोटा श्वास घ्या.

हा लाकडाच्या धुराचा वास. तो कुठून आला ते पाहू. झाडाला ताठ उभं ठेवणारं एक द्रव्य लाकडात असतं, त्याला लिग्निन म्हणतात. विटांच्या मध्ये चुना असतो तसं ते लाकडाच्या तंतूंमध्ये भरलेलं असतं. झाड जगतं तोवर हे द्रव्य मुकाट असतं, त्याला वास नसतो. लाकूड पेटलं की ही मोठी रचना कोसळते आणि तिचे लहान तुकडे हवेत उडतात. त्यांतल्या एकाचं नाव ग्वायाकोल. धुराला धुरासारखं ठरवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. काडीच्या टोकाशी तुम्हाला आत्ता जे जाणवलं, ते झाडाच्या कण्याचे तुकडे होते.

काडी बाजूला ठेवा. लवंग दाताखाली हलकेच फोडा किंवा नखाने चुरडून हुंगा. तिखट, उष्ण, किंचित गोड. लवंगेच्या वासाचा धनी युजेनॉल. त्याच्या रेणूकडे पाहिलं तर मध्यभागी ग्वायाकोलच बसलेलं आहे. बाजूने कार्बनची एक छोटी साखळी जोडलेली, इतकाच फरक. दातदुखीवर लावायचं लवंगतेल आणि चुलीचा धूर हे सख्खे नातलग आहेत.

आता व्हॅनिलाची बाटली उघडा. नाक फार जवळ नेऊ नका, झाकणच हुंगा. आइस्क्रीम, केक, वाढदिवस. या वासाचं मुख्य द्रव्य व्हॅनिलिन. त्याच्याही मध्यभागी ग्वायाकोल आहे. आणि हे नातं कागदावरचं नाही. जगात वापरलं जाणारं बहुतेक व्हॅनिलिन शेंगांतून येत नाही. त्याचा मोठा हिस्सा कारखान्यांत ग्वायाकोलपासूनच तयार होतो आणि ते ग्वायाकोल खनिज तेलापासून निघालेल्या रसायनांतून बनवलेलं असतं. पूर्वी बराच काळ व्हॅनिलिन कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातल्या लिग्निनपासूनही काढत असत. जुन्या पुस्तकाच्या पानांना जो गोडसर वास येतो, त्यातही कागदातलं लिग्निन हळूहळू मोडताना सुटलेलं थोडं व्हॅनिलिन असतं.

तिन्ही वस्तू पुन्हा एकदा क्रमाने हुंगा. काडी, लवंग, व्हॅनिला. दोन वासांच्या मध्ये आपल्या मनगटाची आतली बाजू हुंगा म्हणजे नाक ताळ्यावर येईल. काडीत थोडा गोडवा जाणवतो का? व्हॅनिलात खोलवर कुठे तरी धुराची सावली आहे का? जाणवलं नाही तरी चालेल. तीन वासांना आपण तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवत आलो, एक स्वयंपाकघराचा, एक औषधाचा, एक मेजवानीचा. झाडाने आणि आगीने मात्र ते एकाच घडणीतून काढले. मेनार्दो यांनी रबराच्या आणि धुराच्या तळाशी व्हॅनिला ठेवलं, तेव्हा त्यांनी दोन परके वास जोडले नव्हते. एका कुटुंबाला पुन्हा एकत्र बसवलं होतं. २००६ साली त्यांनीच ल लाबो या न्यूयॉर्कच्या अत्तरगृहासाठी पॅचौली २४ रचलं. तिथे तर त्यांनी धुराला मुख्य आसन दिलं आणि व्हॅनिलाला त्याच्या शेजारी.

थांबा. श्वास मोकळा होऊ द्या.

या धुराचं अत्तरातलं एक जुनं साधन म्हणजे भूर्जाचं तेल. भूर्ज वृक्षाची साल बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवली की काळपट दाट तेल निथळतं. हिमालयातल्या ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याचेच भाऊबंद युरोपात आणि रशियात वाढतात. रशियात हे तेल कमावलेल्या कातड्यात मुरवत. त्यामुळे कातडं लवचीक राही, पाण्याला दाद देत नसे, किडे लागत नसत, आणि त्याला धुराचा एक गंभीर वास येई. १७८६ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गहून हे कातडं घेऊन निघालेलं मेटा काटारिना नावाचं जहाज इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ बुडालं. १९७३ साली पाणबुड्यांना ते सापडलं. जवळजवळ दोनशे वर्षं समुद्रतळाच्या चिखलात पडूनही त्यातली कितीतरी कातडी वापरण्याजोगी होती. त्यांच्यापासून बूट आणि पिशव्या शिवल्या गेल्या.

याहूनही मागे जाता येतं. इटलीत कँपितेल्लो येथे सापडलेल्या दगडी हत्यारांवर भूर्जाच्या सालीचं डांबर लागलेलं आहे. ती हत्यारं सुमारे २,००,००० वर्षांपूर्वीची, निअँडरथल माणसांच्या काळातली. दांड्याला दगड चिकटवण्यासाठी त्यांनी सालीतून डांबर काढलं. एका वस्तूला आग देऊन तिच्यातून दुसरीच, निसर्गात तशी न सापडणारी वस्तू काढायची, हा उद्योग तेव्हापासूनचा आहे. ज्याला आपण औद्योगिक वास म्हणतो, तो चिमण्यांच्या कितीतरी आधी माणसाच्या हाताला लागला होता.

हा वास फॅशनमध्ये आला तो विसाव्या शतकात. १९१९ साली कारों या पॅरिसच्या अत्तरगृहाच्या एर्नेस्त दाल्त्रॉफ यांनी ताबाक ब्लाँ आणलं, सिगारेट ओढू लागलेल्या नव्या स्त्रीसाठी. १९४४ साली जर्मेन सेलिए यांनी बाँदी रचलं आणि त्यात आयसोब्युटिल क्विनोलीन हे द्रव्य धीटपणे वापरलं. त्याला कडू, हिरवट, रबराकडे झुकणारा कातड्याचा वास आहे. ज्या काळात बायकांनी फुलांसारखं दरवळावं अशी अपेक्षा होती, त्या काळात एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रियांसाठी असं अत्तर केलं. याचा मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडेही ही वाट मळलेली आहे. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजमध्ये चोया नावाचा एक जुना प्रकार आहे. मातीच्या मडक्यात द्रव्य घालून खालून कडक आच देतात आणि जळता जळता निथळणारा अर्क धरून ठेवतात. लोबानाचा चोया असतो, साल वृक्षाच्या राळेचा असतो आणि समुद्रातल्या शिंपल्यांचाही असतो, त्याला चोया नख म्हणतात. शिंपले भाजून काढलेल्या त्या अर्कात धूर असतो, खारेपणा असतो आणि करपलेपणाही असतो.

आता उटण्याची पुडी उघडा. चिमूटभर तळहातावर घ्या, दोन थेंब पाणी टाका, चोळा. पहिला वास कपूरकाचरीचा आणि चंदनाचा येईल. त्याच्या खाली उतरा. मातीचा, कोरड्या मुळांचा, थोडा जळक्या लाकडाचा एक थर आहे. त्यातला मोठा भाग नागरमोथ्याचा. पाणथळ जागी उगवणाऱ्या या गवताच्या मुळांचं तेल आज जगभरच्या अत्तरांत जातं. धुराची, कातड्याची, अगरूची छटा हवी असली की अत्तरकार याच तेलाकडे हात नेतात. म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटे, थंडीत कुडकुडत, आजीच्या हातून अंगाला लागलेला तो वास आणि पॅरिसमधल्या एखाद्या काळ्या बाटलीतला आधुनिक धूर यांच्यात एक मूळ सामायिक आहे. ज्या वासाला तुम्ही कदाचित परका म्हणाला असता, तो लहानपणापासून तुमच्या कातडीवर चढतो आहे.

तळहात धुऊ नका. तसाच राहू द्या आणि थोडा वेळ थांबा.

आता किल्ली. ती ताटलीत पडलेली असतानाच हात न लावता हुंगा. फारसं काही येणार नाही. मग मुठीत घट्ट धरा. शंभर अंक मोजा. मूठ उघडा आणि तळहात हुंगा.

हा लोखंडाचा वास, असं आपण म्हणतो. बसच्या दांड्याचा, झोपाळ्याच्या साखळीचा, जुन्या नाण्यांचा. २००६ साली डिटमार ग्लिंडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वासाचा माग काढला. लोखंडाची वाफ साध्या तापमानाला नाकापर्यंत येऊच शकत नाही. घाम लागला की लोखंडाचे अतिसूक्ष्म अंश त्वचेवर येतात, त्वचेवरच्या स्निग्ध द्रव्यांशी त्यांची क्रिया होते आणि त्यातून वासाची द्रव्यं उडतात. त्यांतलं महत्त्वाचं आहे १-ऑक्टेन-३-ओन. अगदी कणभर असलं तरी ते नाकाला कळतं. म्हणजे धातूचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो आपल्याच कातडीतून निघतो. लोखंड फक्त निमित्त होतं.

या गोष्टीजवळ थोडं रेंगाळा. यंत्राला वास आहे असं आपण मानतो, आणि तो वास आपल्या मनात थंड, माणूस नसलेला असा असतो. प्रत्यक्षात हात लागल्याशिवाय तो जन्मतच नाही. लेथवर दिवसभर काम करणाऱ्याच्या हातांना जो वास येतो तो त्याच्या स्वतःच्या देहाचा आहे, कामाने त्याच्यातून बाहेर काढलेला. काम करून आलेल्या माणसाने जेवणापूर्वी हात चोळचोळून धुतले, तरी बोटांच्या पेरांत तो उरतो. त्याला मळ म्हणावं की आणखी काही, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावं. मला तो वास सन्मानाचा वाटतो.

मूठ मिटा. उघडा. पुन्हा एक श्वास.

आता सगळ्यांत अवघड वास. डांबर. ते हुंगायला जाऊ नका. उन्हाळ्यात रस्त्याचं काम चाललं असताना येणारा तो जड वास नुसता आठवा. आज रस्त्यावर पडतं ते डांबर खनिज तेलातून येतं. एकोणिसाव्या शतकातलं डांबर दगडी कोळशाचं होतं. कोळसा बंद भट्टीत तापवून दिव्यांसाठी गॅस काढत. लंडनचे रस्ते या गॅसने उजळले. मुंबईतही असा गॅस पुरवला जाई आणि लालबागमधली गॅस कंपनी लेन अजून ते नाव सांभाळून आहे. गॅस काढताना काळं, चिकट, दुर्गंधी डांबर साचे. सुरुवातीला त्याचं काय करायचं ते फारसं कुणाला कळत नसे.

रसायनशास्त्रज्ञ त्या डांबराकडे वळले. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने त्यातून निघालेल्या द्रव्यापासून जांभळा रंग बनवला. १८६८ साली त्याच पर्किनने प्रयोगशाळेत कूमारिन तयार केलं. नुकत्याच कापलेल्या, उन्हात वाळत घातलेल्या गवताला जो गोड वास येतो, तो कूमारिनचा. पुढे त्याचा कच्चा माल डांबरातल्या फिनॉलपासून बनू लागला. १८८२ साली पॉल पार्के यांनी हूबिगाँसाठी फुजेर रॉयाल रचलं आणि त्यात हे कृत्रिम कूमारिन घातलं. आधुनिक अत्तरकलेची सुरुवात पुष्कळ जण या अत्तरापासून मोजतात. मोगऱ्याच्या आणि जाईच्या वासाला जे खोल, जवळजवळ सडण्याच्या काठावरचं भारीपण आहे, ते ज्या इंडोलमुळे येतं ते इंडोलही कोळशाच्या डांबरात सापडतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे बघा. माणसाने अंगाला गॅरेज का लावावं? मला जे दिसतं ते असं: कारखाना अत्तराच्या बाटलीत १९९८ साली शिरला नाही. तो तिथे शंभराहून अधिक वर्षं होताच. गॅसच्या भट्टीतून, फिनॉलच्या टाकीतून, ग्वायाकोलच्या पिंपातून तो येत राहिला आणि त्याच्यावर गुलाबाचं, जाईचं, कुरणाचं चित्र लावलं गेलं. ओदर ५३ आणि गराज यांनी ते चित्र काढून टाकलं. जिथून आलो तिथला वास घेऊन ती अत्तरं समोर उभी राहिली. एरवी सुगंध आपल्याला कामाच्या जागेपासून लांब नेतो, बागेत किंवा देवळात. ही अत्तरं आपल्याला परत कामाच्या जागेवर आणतात. म्हणून ती मला महत्त्वाची वाटतात. त्यांचं सौंदर्य खरेपणातून येतं.

थांबा. या खरेपणाला आणखी एक पायरी चढायची आहे, आणि ती टाळून हे मनन पुरं होणार नाही.

धूर छातीतही जातो. १७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं, की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणकोशाचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण काजळी आहे. हे कामकरी कोवळ्या वयात, मुलं असतानाच, अरुंद धुराड्यांतून चढवले जात. १९३३ साली लंडनमधल्या संशोधकांनी कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरिन वेगळं काढलं. कर्करोग घडवणारं हे द्रव्य लाकूड, कोळसा, तंबाखू अर्धवट जळताना तयार होतं. भूर्जाच्या कच्च्या तेलातही ते असू शकतं. म्हणून अत्तर उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, इफ्रा, कच्चं भूर्जतेल वापरू देत नाही. शुद्ध केलेलंच तेल चालतं, आणि बेंझोपायरिन व त्याच जातीचं बेंझअँथ्रासीन मिळून तयार मालात अब्जात एका भागापेक्षा जास्त असू नये असा नियम आहे.

अब्जात एक भाग. मनगटावर धूर लावणाऱ्याची एवढी काळजी घेतली जाते, आणि ती योग्यच आहे. आता डोळ्यांसमोर एक बंदिस्त स्वयंपाकघर आणा. ओली लाकडं, फुंकणी, डोळ्यांतून वाहणारं पाणी, पाठीला बांधलेलं मूल. तिथे मोजमाप कोण करतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या इंधनाच्या धुराने सुमारे ३२ लाख माणसांचा जीव घेतला. आपल्या गिरणगावात कापूस पिंजणाऱ्या खात्यांत हवेत तूस तरंगत असे. त्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून येते, ही त्याची खूण. भोंग्याच्या आठवणी आपण प्रेमाने सांगतो. त्या आठवणींत ही आवळलेली छातीही असली पाहिजे.

हे सांगण्यात बाटलीवाल्या धुराला दोषी ठरवण्याचा हेतू नाही. ज्याला तो आवडतो त्याने तो आनंदाने लावावा. पण धूर आवडणं ही ज्याला निवड करता आली त्याची गोष्ट आहे. निवड नसलेल्यांच्या वाट्याला तो आवड म्हणून येत नाही. एकाच ग्वायाकोलच्या दोन टोकांना ही दोन माणसं उभी आहेत, आणि वास दोघांनाही तोच येतो. मननात आपल्याला एवढं करता येतं, की एका टोकाला असताना दुसरं टोक नजरेआड होऊ द्यायचं नाही.

आता शेवटची फेरी. पाचही वस्तू पुन्हा हुंगा, सावकाश, उलट्या क्रमाने: उटणं, किल्ली, व्हॅनिला, लवंग, काडी. मन निकाल द्यायला धावेल. त्याला दरवेळी दोन प्रश्न विचारा. हा वास कशातून निघाला? आणि तो निघत होता तेव्हा तिथे कोण होतं? उटण्याच्या मागे पाणथळीत वाकून मुळं उपसणारे हात आहेत. व्हॅनिलाच्या मागे पाळीवर आलेला रसायन कारखान्यातला कामगार आहे. लवंगेच्या मागे उंच झाडावर चढून कळ्या खुडणारं कुणी तरी आहे. काडीच्या मागे काड्यांवर गुल चढवणारं कुणी तरी आहे. किल्लीच्या मागे तुम्ही स्वतः आहात.

हे दोन प्रश्न घेऊन बाहेर पडा. गॅरेजजवळून, वेल्डिंगच्या दुकानावरून, रस्त्याच्या कामापाशी जाताना नाकाशी रुमाल जाईल. जाऊ द्या, स्वतःची छाती जपण्यात गैर काही नाही. पण त्याच वेळी डांबराच्या पिंपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर काही बांधलेलं आहे का, तेही बघा. तुमच्या इमारतीचं, तुमच्या गल्लीचं काम चाललेलं असेल तर ठेकेदाराला मास्कबद्दल विचारा. घरकाम करायला येणाऱ्या बाईंच्या घरी सिलिंडर भरून आणणं परवडतं का, याची चौकशी करा. सुगंधाची खरी पारख असलेल्या माणसाला धुरातला गोडवा ओळखता येतो. तो गोडवा ज्यांच्या श्वासावर उभा आहे त्यांचा श्वास मोकळा राहावा, यासाठी काही करणं हाही त्याच पारखीचा भाग आहे.